नाव टाकलं, काहीच आलं नाही

पत्र: माझे पणजोबा रंगूनला ब्रह्मदेशच्या रेल्वेत कारकून होते. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा ते चालत भारतात आले, एवढंच घरात सांगितलं जातं. कुठल्या वाटेनं आले, नोकरीचं पुढे काय झालं, काहीच माहीत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर त्यांचं पूर्ण नाव टाकलं, तर शून्य. नुसतं आडनाव टाकलं, तर भलतीच माणसं आली. 'बर्मा' टाकलं, तर इतका पसारा समोर आला की थोडी पानं उलटून दमले. लंडनच्या कॅटलॉगातही तीच गत. मी शोधायला चुकते आहे, की कागदच उरलेले नाहीत?
— पणजोबांच्या शोधात

सप्रेम नमस्कार.

आधी धीर देते: कागद आहेत. त्या वर्षी ब्रह्मदेशातून लाखो भारतीय आले. एवढी माणसं हलतात तेव्हा सरकारी कचेऱ्यांत फाइलींचे ढीग पडतात, आणि त्यांतल्या पुष्कळ आजही जागेवर आहेत. तुमचे पणजोबा ज्या गर्दीतून चालत आले तिच्याबद्दल तुम्हाला घरबसल्या बरंच सापडेल. त्यांचं नाव सापडेल असं वचन मी देणार नाही, पण तिथवर जायची वाट आहे. ती नावापासून सुरू होत नाही, म्हणून तुमच्या हाती शून्य आलं.

अभिलेखागाराच्या कॅटलॉगातली शोधचौकट दिसते गूगलसारखी, त्यामुळे आपण तिच्याकडून गूगलची अपेक्षा करतो. पण ती फाइलच्या आत सहसा बघतच नाही. ती बघते फाइलच्या वर्णनात. आणि हे वर्णन म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या कारकुनानं त्या काळी फाइल उघडताना तिच्यावर लिहिलेली एक ओळ. दोनशे पानांच्या फाइलवर शीर्षक असतं 'बर्मातून आलेल्या काही भारतीयांचा मदतीसाठी अर्ज'. अर्जावर पन्नास सह्या असल्या तरी शीर्षकात त्या 'काही भारतीय' होतात, किंवा एकाचं नाव आणि पुढे 'व इतर'. तुमचे पणजोबा त्या 'व इतर'मध्ये असू शकतात. फाइलीचं स्कॅनिंग झालं असलं तरी यात फारसा फरक पडत नाही. स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. हस्ताक्षरातलं किंवा पुसट टंकलिखित नाव त्यातून शोधचौकटीला वाचता येईलच असं नाही.

म्हणून शोध सुरू करण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहून ठेवा: हा कागद कुणी, कुठल्या कामासाठी तयार केला असेल? बाकी सगळं या प्रश्नातून निघतं.

याचं कारण अभिलेखागाराच्या मांडणीत आहे. ग्रंथालयात पुस्तकं विषयाप्रमाणे लावतात. अभिलेखागारात कागद ज्या कचेरीत तयार झाले त्या कचेरीचे म्हणून एकत्र राहतात, आणि शक्यतो त्या कचेरीनं लावले त्याच क्रमानं. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी परिपत्रकानं हे तत्त्व घालून दिलं, १८९८ मध्ये तीन डच अभिलेखतज्ज्ञांनी त्याची रीतसर नियमावली लिहिली, आणि आज जगभरची अभिलेखागारं थोड्याफार फरकानं तेच पाळतात. त्यामुळे 'ब्रह्मदेशातून आलेले निर्वासित' असं एक कपाट तुम्हाला कुठेच मिळणार नाही. त्या माणसांशी ज्या ज्या खात्याचा संबंध आला, त्या त्या खात्याच्या कागदांत त्यांचे तुकडे विखुरलेले असतात. ही मांडणी सुरुवातीला छळते. पण एकदा कळली की तिच्याइतकी मदत दुसरं काही करत नाही, कारण मग खात्यांचा माग काढत माणसापर्यंत जाता येतं.

तुमच्याच बाबतीत करून बघू.

ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. म्हणजे १९४२ मध्ये तुमचे पणजोबा हिंदुस्थान सरकारचे नोकर नव्हते. त्यांचे सेवेचे कागद दिल्लीत असतील ही अपेक्षा इथेच कमी करायला हवी. दिल्लीच्या दृष्टीनं ते होते 'परदेशातले भारतीय'. आणि परदेशातल्या भारतीयांसाठी खातं होतं. १९४१ पर्यंत हा विषय शिक्षण, आरोग्य आणि जमीन खात्याच्या ओव्हरसीज शाखेकडे होता. १९४१ मध्ये त्याचं स्वतंत्र 'इंडियन्स ओव्हरसीज' खातं झालं, आणि १९४४ मध्ये त्याचंच नाव 'कॉमनवेल्थ रिलेशन्स' खातं असं बदललं. ब्रह्मदेशातून माणसं येत होती त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात या खात्याचे सदस्य होते लोकनायक बापूजी अणे. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे त्यांचं आडनावही तुमच्यासाठी एक शोधशब्द आहे. इंग्रजी कागदांत ते ए, एन, ई, वाय असं लिहिलेलं असतं.

आता अभिलेख पटलावर नुसतं 'बर्मा' टाकण्याऐवजी आधी खातं निवडा, मग वर्षं १९४१ ते १९४५, आणि मग 'बर्मा'. तो पसारा आवाक्यात आलेला दिसेल. हे झालं की दुसरं खातं धरा. आलेल्या रेल्वे नोकरांचं काय करायचं, हा प्रश्न रेल्वे खात्यासमोर आला असणार, म्हणून रेल्वे. वाटा आणि सरहद्द यांसाठी संरक्षण आणि परराष्ट्र. कायदा-सुव्यवस्था आणि अफवांसाठी गृहखातं, त्यातही राजकीय शाखा. प्रत्येक खात्यात तोच शोध पुन्हा करायचा. कंटाळवाणं वाटेल, पण 'सगळीकडे एकदम शोधा' या बटणापेक्षा यानं कितीतरी जास्त मिळतं.

ब्रह्मदेशचं सरकार स्वतःही पळून आलं होतं आणि युद्ध संपेपर्यंत सिमल्यातून चालत होतं. तुमच्या पणजोबांचा मालक तो. थकलेला पगार, रजा, भत्ता, नोकरीवर परत रुजू होणं हे सगळे अर्ज त्या सरकारकडे जाणार. तेव्हा 'सिमला' आणि 'गव्हर्नमेंट ऑफ बर्मा' ही जोडी विसरू नका.

आता शब्दांकडे. आपण आजच्या शब्दांनी शोधतो आणि शीर्षक असतं तेव्हाच्या इंग्रजी शब्दांत. तुम्ही 'दुसरं महायुद्ध' असं टाकलंत, तर १९४२ च्या फाइली फारशा येणार नाहीत. कारकून लिहायचा नुसतं 'वॉर', 'द प्रेझेंट वॉर', 'वॉर इमर्जन्सी'. 'यांगून' टाकू नका, 'रंगून' टाका. सित्वे म्हणजे तेव्हाचं अक्याब, मॉलम्याइन म्हणजे मोलमेन, प्ये म्हणजे प्रोम, राखाईन म्हणजे आराकान. जुन्या कागदांत 'बर्मा'च्या शेवटी एच लावलेलाही आढळतो.

माणसांना काय म्हटलं जायचं, हेही बघावं लागतं. तुमच्या विषयातला सर्वांत कामाचा शब्द आहे 'इव्हॅक्युई', म्हणजे धोक्याची जागा सोडून आलेला माणूस. सोबत 'इव्हॅक्युएशन', 'रेफ्युजी', 'रिलीफ', 'रिपॅट्रिएशन', 'डेस्टिट्यूट', 'स्ट्रँडेड', 'क्लेम्स'. पण इथे एक खड्डा आहे. 'इव्हॅक्युई' नुसतं टाकलंत तर फाळणीनंतरच्या 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी'च्या, म्हणजे निघून गेलेल्यांच्या मालमत्तेच्या फाइली धबाधबा येतील. तो १९४७ नंतरचा वेगळाच विषय आहे, त्याचा कायदाही १९५० चा. वर्षांची मर्यादा घाला, किंवा कॅटलॉगात सोय असेल तर 'प्रॉपर्टी' हा शब्द वगळा.

आणखी एक शब्दप्रयोग लक्षात ठेवा: 'लेजिस्लेटिव्ह असेंब्लीतील प्रश्न'. कायदेमंडळात कुणी सभासदानं प्रश्न विचारला की उत्तर तयार करण्यासाठी खात्यात फाइल उघडली जायची आणि तिच्यात खालपासून वरपर्यंतची माहिती गोळा व्हायची. ब्रह्मदेशातून येणाऱ्या वाटांवर गोऱ्यांना चांगली सोय आणि भारतीयांना वाईट अशी तक्रार त्या काळी गाजली होती. म्हणून 'बर्मा'सोबत 'डिस्क्रिमिनेशन' आणि 'क्वेश्चन' हे शब्द लावून बघा. अशा फाइलींत आकडे, तारखा, छावण्यांची नावं एकाच जागी मिळतात, म्हणून मला त्या सगळ्यांत आधी वाचायला आवडतात.

वाटेबद्दल तुम्ही विचारलंय. कॅटलॉग उघडण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना दोन गोष्टी विचारा. ते कुठल्या महिन्यात घरी पोचले? आणि भारतात आल्यावर पहिली आगगाडी कुठे मिळाली, असं काही सांगायचे का? २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर पहिला मोठा बॉम्बहल्ला झाला आणि माणसं निघू लागली. ८ मार्च १९४२ ला जपानी फौजा शहरात शिरल्या. आधीच्या लाटेतले पुष्कळ लोक प्रोमहून डोंगर ओलांडून टाउंगप, मग आराकानचा किनारा आणि चितगाव असे आले. नंतरच्यांची मोठी वाट मंडालेकडून तामू, इंफाळ आणि दिमापूरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत. अगदी उशिरा निघालेले उत्तरेकडून हुकाँग खोऱ्यातून लेडोला पोचले, तेही पावसाळ्यात. तेव्हा घरात कुणी 'चितगाव' म्हणालं तर एक शोध, 'मणिपूर' म्हणालं तर दुसरा. ही गावांची नावं म्हणजेच तुमचे शोधशब्द. 'बर्मा इव्हॅक्युई' टाकून शंभर फाइली चाळण्यापेक्षा 'तामू' किंवा 'टाउंगप' टाकून चार फाइली मिळालेल्या बऱ्या. अनोळखी, लहान गावाचं नाव हा कॅटलॉगातला फार गुणी शोधशब्द आहे. तो भलतीकडे नेत नाही.

शोधचौकटीच्या खुणांबद्दल थोडक्यात. दोन शब्द एकत्र, त्याच क्रमानं हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. दोनपैकी कुठलाही चालणार असेल तर मध्ये 'ऑर'. तो बऱ्याच ठिकाणी कॅपिटल अक्षरांतच लिहावा लागतो. शब्दाचं शेपूट बदलत असेल तर मुळाशी थांबून तारका द्या, म्हणजे 'इव्हॅक्यु'पर्यंतची अक्षरं आणि पुढे तारका. इव्हॅक्युई, इव्हॅक्युईज, इव्हॅक्युएशन सगळे येतील. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'डिस्कव्हरी' कॅटलॉगात 'अॅडव्हान्स्ड सर्च'मध्ये यासाठी वेगळे रकानेच आहेत, तेव्हा चिन्हं पाठ करायची गरज नाही. मात्र प्रत्येक कॅटलॉगाचे नियम थोडे निराळे असतात. नव्या ठिकाणी गेलात की तुम्हाला मिळालेल्या एखाद्या फाइलचं शीर्षक अर्धवट, चिन्ह लावून टाकून बघा. ती फाइल परत वर आली तर चिन्ह चालतंय. नाही आली तर तिथे तारका किंवा अवतरणचिन्ह निरुपयोगी आहे, हे शून्य निकालांवर रडत बसण्याआधी कळलेलं बरं.

संक्षेपही आडवे येतात. 'गव्हर्नमेंट'ऐवजी 'गव्ह्ट.', 'रेल्वे'ऐवजी 'रली.' असं काहीतरी आखूड लिहिलेलं असतं, आणि पूर्ण शब्द टाकला की अशी फाइल निसटते. अभिलेख पटलावर 'प्रोग्ज.' दिसलं तर ते 'प्रोसीडिंग्ज', म्हणजे खात्याच्या कामकाजाचा क्रमांक. 'के. डब्ल्यू.' दिसलं तर आवर्जून उघडा. तो 'कीप विथ', म्हणजे मुख्य कागदांसोबत ठेवलेल्या टिपणी. साहेबलोकांचं आपसातलं मत त्यांत असतं आणि ते बहुधा मुख्य पत्रापेक्षा मोकळं असतं.

तारखांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी सैल राहा. फाइलवरचं वर्ष हे फाइल उघडल्याचं वर्ष असतं, घटनेचं नसतं. रंगूनमध्ये बुडालेला पगार किंवा सामान यांची भरपाई मागणारा अर्ज १९४२ च्या फाइलीत सापडेल असं धरून चालू नका. तो युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत शोधा. म्हणून पहिल्या फेरीत १९४१ ते १९४३, दुसऱ्या फेरीत १९४४ ते १९५० असं करा. आणि काही फाइलींवर '१९३८–१९४६' असा पट्टा असतो. वर्षाचा फिल्टर काटेकोर असला तर त्या गळतात. फिल्टर काढून एकदा बघायचं ते यासाठी.

आता मला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. समजा 'तामू' टाकल्यावर एक चांगली फाइल मिळाली. बहुतेक लोक ती वाचतात, आनंदतात आणि शोधचौकटीकडे परत जातात. तसं करू नका. त्या फाइलीचा संदर्भ क्रमांक नीट बघा. तो पत्त्यासारखा असतो: खातं, शाखा किंवा मालिका, वर्ष, फाइल. या क्रमांकाच्या एक पायरी वर जा, म्हणजे त्या शाखेची त्या वर्षाची पूर्ण यादी उघडा, आणि तुमच्या फाइलीच्या मागचे-पुढचे क्रमांक ओळीनं वाचा. ज्या कारकुनानं ती फाइल उघडली, त्यानंच त्या आठवड्यात शेजारची उघडली. तिचं शीर्षक कदाचित नुसतं 'संकीर्ण पत्रव्यवहार' असेल, ज्यात 'बर्मा'ही नाही आणि 'इव्हॅक्युई'ही नाही. कुठल्याही शोधशब्दानं ती कधीच वर येणार नाही. ती फक्त शेजारी असल्यामुळे सापडते. मला स्वतःला ज्या फाइलींचं अप्रूप वाटलं त्यांतल्या कितीतरी अशाच भेटल्या, शोधून नव्हे तर यादी वाचून.

लंडनच्या कॅटलॉगात असंच वर-खाली जायला 'ब्राउझ बाय हायरार्की' किंवा तशा अर्थाचा दुवा असतो. तिथे अक्षरांना अर्थ आहे: डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, सीओ कलोनियल ऑफिस, एफओ फॉरिन ऑफिस. डब्ल्यूओ १७२ ही मालिका दुसऱ्या महायुद्धातल्या आग्नेय आशियातल्या लष्करी तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्यांची. निर्वासितांची वाट ज्या तुकडीच्या हद्दीतून जात होती, तिच्या दैनंदिनीत त्यांचा उल्लेख येऊ शकतो. शीर्षकात मात्र फक्त तुकडीचं नाव असतं.

'लंडनच्या कॅटलॉगातही तीच गत' असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे की तुम्ही एकाच कॅटलॉगात शोधलंत. लंडनमध्ये तुमच्या कामाची दोन वेगळी घरं आहेत. नॅशनल आर्काइव्ह्ज आहे क्यू या भागात. तिथे ब्रिटिश सरकारच्या खात्यांचे कागद. पण इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनमधल्या खात्याचे कागद तिथे नाहीत, ते १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत, आणि ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर जे 'बर्मा ऑफिस' निघालं त्याचेही तिथेच. त्यांचे संदर्भ 'आयओआर' या अक्षरांनी सुरू होतात आणि बर्मा ऑफिसची खूण पुढचा 'एम'. तुमच्यासाठी सगळ्यात भरघोस जागा बहुधा हीच. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यात ब्रिटिश लायब्ररीचे कॅटलॉग बंद पडले होते आणि सेवा टप्प्याटप्प्यानं परत आल्या, त्यामुळे जुन्या लेखांत दिलेले थेट दुवे चालत नसले तर घाबरू नका. संदर्भ क्रमांक तोच राहतो, त्यावरून शोधा. दुवा मरतो पण क्रमांक टिकतो, म्हणून टिपून ठेवायचा तो क्रमांक.

सरकारबाहेरच्या लोकांनीही कागद तयार केले. आसामच्या वाटांवर छावण्या चालवणं आणि रस्ते करणं यात चहामळेवाल्यांची 'इंडियन टी असोसिएशन' पुढे होती. तिचा दप्तरसंग्रह ब्रिटिश लायब्ररीतच आहे, पण सरकारी कागदांत नव्हे, तर खासगी संग्रहांत. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात त्या वाटेवरच्या लोकांच्या आठवणी, पत्रं आणि चित्रफिती आहेत. ज्या जाइल्स मॅक्रेल या मळेवाल्यानं जून १९४२ मध्ये हत्तींवरून दाफा नदीपार माणसं काढली, त्याचं चित्रीकरणही तिथे आहे. या ठिकाणी सरकारी शब्द चालणार नाहीत. तिथे 'ट्रेक', 'मेम्वार', 'डायरी', 'कॅम्प' अशा शब्दांनी शोधा.

छापील गोष्टी मात्र अभिलेखागाराच्या कॅटलॉगात शोधत बसू नका. सिव्हिल लिस्ट (सरकारी अधिकाऱ्यांची छापील यादी), रेल्वेचे वार्षिक अहवाल, गॅझेट ही पुस्तकं आहेत. ती ग्रंथालयाच्या कॅटलॉगात असतात, मग संस्था एकच का असेना. रेल्वेच्या अहवालात कारकुनाचं नाव मिळणं कठीण, पण त्यांचं ऑफिस कुठलं, वरचा अधिकारी कोण, हे मिळालं तरी पुढचा शोध बदलतो. कारण फाइलीच्या शीर्षकात अधिकाऱ्याचं नाव येतं, कारकुनाचं येत नाही.

आणि आता नाव. एवढं झाल्यावर ते टाका, पण एकाच स्पेलिंगनं नको. मराठी नाव इंग्रजीत लिहिणारा कारकून कानाला वाटेल तसं लिहायचा, आणि बर्मी किंवा बंगाली कारकुनाच्या कानाला ते आणखी वेगळं ऐकू यायचं. 'व'ला व्ही आणि डब्ल्यू, 'ऊ'ला यू आणि डबल ओ, दीर्घ 'ई'ला आय आणि डबल ई, 'क'ला के आणि सी, असे सगळे पर्याय कागदावर मांडा. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं असतील. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव असेल, किंवा नावापुढचा 'राव' हेच आडनाव म्हणून लागलं असेल. यातही पहिल्यांदा 'नॉमिनल रोल' हा शब्द शोधा, म्हणजे नामावली. 'नॉमिनल रोल' आणि 'बर्मा रेल्वेज' एका फाइलीत भेटले, तर ती फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचायची. तिथे शोधचौकट उपयोगाची नाही, डोळेच हवेत.

प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा: तारीख, कुठला कॅटलॉग, कुठलं खातं, अक्षरशः काय टाकलं, काय आलं. शून्य आलं तेही लिहा. संदर्भ क्रमांक उतरवताना तिरक्या रेघा, टिंबं, कंस जसेच्या तसे ठेवा. एक रेघ चुकली की मागणी परत येते. नोंद ठेवण्याचा मोठा फायदा असा की कॅटलॉग वाढत राहतात. आज ज्या पेटीचं वर्णन फक्त 'संकीर्ण, १९४२' एवढंच आहे, तिची फाइलनिहाय यादी पुढे होऊ शकते. वर्षभरानं तोच शोध पुन्हा करायचा असेल तर काय केलं होतं ते माहीत असायला हवं.

शून्याचे अर्थ अनेक असतात. कागद नष्ट झाला असेल. कागद आहे पण कॅटलॉगात चढलेला नसेल. चढला आहे पण पेटीच्या पातळीवर, फाइलच्या नाही. किंवा फाइल आहे आणि शब्द चुकला. यांतलं चौथं कारण तुमच्या हातात आहे. तिसऱ्याचा आणि दुसऱ्याचा उलगडा तिथल्या अभिलेखतज्ज्ञांकडून होतो. त्यांना लिहायला संकोच करू नका, ते त्यांचं काम आहे आणि बहुतेकांना ते मनापासून आवडतं. मात्र 'माझ्या पणजोबांबद्दल काही आहे का' असं विचारलंत तर उत्तरही तितकंच मोघम येईल. असं लिहा: 'ब्रह्मदेश रेल्वेतले एक भारतीय कारकून १९४२ मध्ये रंगूनहून पायी आले. इंडियन्स ओव्हरसीज खात्यात १९४१ ते १९४५ या काळात अमुक शब्दांनी शोधलं, अमुक क्रमांकाच्या फाइली पाहिल्या. याच खात्याच्या किंवा रेल्वे खात्याच्या, ऑनलाइन कॅटलॉगात न आलेल्या याद्या वाचनकक्षात आहेत का? आलेल्या रेल्वे नोकरांच्या नामावल्या कुठल्या मालिकेत असण्याची शक्यता आहे?' अशा पत्राला उत्तर देणाऱ्याला थेट कपाटाकडे जाता येतं.

सुरुवात या आठवड्यात घरापासून करा: महिना आणि पहिलं रेल्वे स्टेशन. ते कळलं की अभिलेख पटलावर इंडियन्स ओव्हरसीज खातं, १९४२, आणि त्या स्टेशनाचं नाव. जी पहिली कामाची फाइल मिळेल तिचा संदर्भ क्रमांक मला कळवा, शेजारच्या फाइली आपण मिळून वाचू.